बाबा, मी मायनरला इंग्रजी घेतलंय

आयोवा सिटी,
रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ही गोष्ट फोनवरही सांगता आली असती. पण तुम्ही “बरं” म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आणि त्या “बरं”चा अर्थ लावत मी पंधरा दिवस घालवले असते. म्हणून कागदावर.

मी मायनरला इंग्रजी घेतलंय. मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय. मंगळवारी फॉर्म भरला. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्सच आहे, त्याला हात लावलेला नाही. आई, एवढं वाक्य बाबांना दोनदा वाचून दाखव.

आधी पैशाचं सांगते, कारण तुम्ही तिथूनच सुरुवात कराल. पदवीला १२० क्रेडिट लागतात. मायनर म्हणजे त्यातलेच पंधरा, तीन-तीन क्रेडिटचे पाच विषय. परदेशी विद्यार्थ्याला दर सत्राला किमान बारा क्रेडिट घ्यावेच लागतात, आणि बाराची जी फी तीच पंधराची. कर्जात एक रुपयाही वाढत नाही. व्हिसाचंही विचारून घेतलं. पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, आणि कॉम्प्युटरसारख्या विषयांना वर चोवीस महिने मिळू शकतात. ते मेजर बघून ठरतं, मायनरला कोणी विचारत नाही.

दादाला आधीच कळलंय. त्याचा मेसेज आला, “इंग्रजी शिकायला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे होतं? विद्यानगरात कॉलेजं संपली होती काय?” त्याला म्हणावं, कॉलेजं आहेत आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे तिथेही आता मेजर-मायनर आलंय. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे, मला माहीत आहे. इंग्रजी येतं तर मग शिकायचं काय?

हाच प्रश्न मलाही पडला होता. इथे साहित्य वाचनाचा एक विषय सगळ्यांनाच घ्यावा लागतो, कॉम्प्युटरवाल्यांनाही. मी तो एकदाचा उरकायचा म्हणून घेतला. वीसेक जण गोल बसतात, पुढ्यात एक परिच्छेद, आणि बाई विचारतात, इथे स्वल्पविराम का आहे? तासभर तेच. पहिले दोन आठवडे मला वाटलं, तुमचे पैसे पाण्यात चाललेत.

मग मी एक पानभर लिहिलं, आपल्या नदीवर. पहिल्याच वाक्यात ‘द रिव्हर’. शेजारच्या मुलाने विचारलं, कुठली नदी? मी म्हटलं, आमची. तर बाई म्हणाल्या, ‘द’ लिहिलंस म्हणजे वाचणाऱ्याला ती नदी आधीच माहीत आहे असं तू धरून चाललीस. त्याला कुठे माहीत आहे? कराडात “नदीवर गेले होते” म्हटलं की प्रीतिसंगमच, दुसरं कोण काय समजणार! मराठीत इंग्रजीतला ‘अ’ नाही, ‘द’ नाही, त्यामुळे हा हिशोब कधी करावाच लागला नव्हता. शाळेत आपण ‘द’ कुठे घालायचा याचे नियम पाठ केले. ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, ते त्या एवढ्याशा शब्दात ठरतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी खोलीवर येऊन मी पान पुन्हा लिहिलं. रात्रीचे दोन वाजले. प्रोग्राममधली चूक सापडत नसली की वाजतात तसेच.

आणि बाबा, मला तुमचा अर्ज आठवला. म्हणजे तुमचा नव्हे, त्या पाटाच्या पाण्याच्या पाळीवाल्यांचा. मी सातवीत असेन. तुम्ही ऑफिसातून येऊन चहासुद्धा घेतला नव्हता आणि ते ओट्यावर बसून होते. चार पानं लिहून आणली होती, त्यात आजोबांपासूनचा इतिहास. तुम्ही म्हणालात, “आधी काय पाहिजे ते लिहा, मग रडगाणं.” आणि काटत गेलात. चार पानांच्या सात ओळी झाल्या. ते गृहस्थ गप्पच. शेवटी एवढंच म्हणाले, “सायेब, बैलाचं तेवढं ऱ्हाऊ द्या.” पाळी चुकली, ऊस वाळला, बैल विकावा लागला, अशी काहीतरी ओळ होती. तुम्ही पेन हातात धरून बराच वेळ बसलात आणि म्हणालात, “हे राहू दे. साहेबाच्या हेच लक्षात राहील.”

इथे जे शिकवतात ते हेच आहे. फक्त गोल बसून. पाटबंधारे खात्यात त्याला मसुदा म्हणतात एवढंच.

आई, तुझ्यासाठी वेगळं. तुझे जी. ए. धारवाडला इंग्रजीच शिकवायचे ना? विंदाही इंग्रजीचे प्राध्यापक, नेमाडेही. म्हणजे इंग्रजी घेतलं की पोरगी मराठीतून उठली, असं मावशी म्हणेल तेव्हा ही तीन नावं पुढे कर. आणि दिलीप चित्रे तर १९७५ साली याच गावात, इथल्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात आले होते. गाव हे एवढंसं. मधून नदी, चहूकडे मका आणि सोयाबीन. पण लेखनाची कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे, आणि एका रस्त्याच्या फुटपाथमध्ये लेखकांच्या ओळी ब्राँझच्या पाट्यांवर बसवल्यात. बर्फ पडला की त्या दिसत नाहीत. मी दोनदा घसरले तिथे.

माझ्या उच्चारांची काळजी करू नकोस. १९४५ साली फ्लॅनरी ओ’कॉनर, पुढे नावाजलेली कथालेखिका, जॉर्जियातून इथे पत्रकारितेला आली. कार्यशाळेचे प्रमुख पॉल एंगल सांगायचे, की तिचं दक्षिणेकडचं बोलणं त्यांना काही केल्या कळेना, शेवटी त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, लिहून दे. ती तर अमेरिकनच होती! मला परवा दुकानात ‘वॉटर’ तीनदा म्हणावं लागलं, चौथ्यांदा मी बोटाने दाखवलं.

पुढच्या सत्रात निबंधलेखन घेतेय आणि शेक्सपिअर. शेक्सपिअरचा तास डेटा स्ट्रक्चर्सला लागूनच आहे, मधल्या दहा मिनिटांत नदीचा पूल ओलांडायचा. जमवीन. नाहीच जमलं तर मायनर सोडता येतो, पदवी अडत नाही. हे आधी सांगायला हवं होतं, नाही का? तुम्ही असता तर पहिल्या ओळीत घातलं असतं.

एक काम आहे. तुमची निळ्या पुठ्ठ्याची मसुद्यांची वही माळ्यावर असेल. दादाला शिडी लावायला सांगून तिचे फोटो पाठवा, आणि तो पाळीचा अर्ज सापडला तर सगळ्यात आधी तो. निबंधाच्या तासाला पहिलं लिखाण त्याच्यावर करायचं म्हणतेय. बैलाची ओळ नेमकी कशी होती ते मला आठवत नाही, आणि इथे “साधारण अशी होती” म्हटलेलं चालत नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. मेतकूट संपलं.