आधी सरांना वर्गात परत पाठवा, मग आमचे संस्कार काढा

माननीय शिक्षणमंत्री साहेब,
सा. न. वि. वि.

मी दिघ्याला राहते, महापेला एका कंपनीत पॅकिंगला आहे. परवा शाळेतून फोन आला, सातवीतल्या माझ्या मुलाच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली. धावत गेले तर दहा-पंधरा पालकांसमोर मला ऐकवलं, बाई घरातून संस्कार कमी पडतायत. मी खाली मान घालून ऐकलं, घरी आल्यावर पोराच्या कानाखाली मारली आणि नंतर रात्रभर मीच रडत बसले.

घर कमी पडतंय, मान्य आहे. मिस्टरांची तुर्भ्याला नाइट, ते येतात तेव्हा पोरगा शाळेत निघालेला असतो, आणि मी सकाळी सातला निघते, घणसोलीपर्यंत ट्रेन, पुढे शेअर रिक्षा, घरी यायला रात्रीचे आठ. पोरगा मला दिवसाचे दोन तास मिळतो, त्यातला निम्मा वेळ भाकऱ्या आणि भांडी.

बाकीचं त्याचे सर सांभाळायचे. पाचवीपासून तेच वर्गशिक्षक. डबा न खाता बसला तर त्यांना कळायचं, दोन दिवस गेला नाही की शाळा सुटल्यावर चाळीत चौकशीला यायचे. एकदा ह्याने मित्राचा कंपास उचलला होता, तर सरांनी वर्गात त्याचं नाव न काढता त्यालाच तो परत द्यायला लावला आणि मला म्हणाले, ताई मारू नका, त्याला लाज वाटलीये तेवढं पुरे. नंतर त्याने कुणाच्या पेन्सिलीलाही हात लावला नाही. मला हे जमलं नसतं हो, मी मारलंच असतं. परवा मारलंच.

ते सर मतदारयादीच्या कामाला गेले. दोन तुकड्या एका वर्गात कोंबल्या, पासष्ट पोरं आणि एकच मॅडम, त्या तरी कुणाकुणाचं तोंड बघणार. पालकसभेत एक अधिकारी येऊन सांगून गेले की दिवाळीनंतर सर परत येतील. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक पाहिजे. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं शिक्षकांना दुसरी कामं देऊ नका, आणि तिथेच जनगणना, आपत्ती, निवडणूक यांना सूट देऊन ठेवलीये. लोकसभा झाली की विधानसभा, मग महापालिका, मधे मतदारयाद्या, आता २०२७ ची जनगणना, मग वर्ष उरतं कुठे शिकवायला? घरोघरी फिरायला अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कामाशिवाय बसलेली ग्रॅज्युएट पोरं नाहीत का? त्यांना द्या ना हे काम, पैसे देऊन द्या. सूट बदलायची असेल तर कायदा बदला, तुम्ही सगळे तिथे बसलायत कशाला?

आणि गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायचा नाही हा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. माझ्या पोराला ती पुडी गेटसमोरच्या टपरीवर मिळाली. टपरीवाल्याला कुणी बोलावून विचारलं नाही, पुडी बनवणाऱ्याला नाही, गाडीतून आणणाऱ्याला नाही, बारा वर्षांच्या पोराची आई तेवढी सगळ्यांना सापडली. मंत्री असो, अधिकारी असो, स्टेजवरचा पाहुणा असो, माईक हातात आला की सगळे म्हणतात संस्कार घरातूनच होतात. साहेब, घराला वेळ लागतो आणि शाळेला माणूस लागतो, आमच्याकडे वेळ नाही आणि जो माणूस होता तो तुमच्या यंत्रणेने उचलून नेला. ५ सप्टेंबरला हार घालता, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता. ती बाई अंगावर शेण-दगड झेलत शाळेत जायची पण तिने वर्ग सोडला नाही, आणि आज सर वर्ग सोडायला तयार नसताना त्यांना ऑर्डर काढून बाहेर काढतात.

गुरुवारी मला परत शाळेत बोलावलंय. हाफ डे पडेल, पगार कापतील, कापू देत. पोरगा त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही, फक्त एकदा विचारलं, सर कधी येणार. मला तारीख सांगा साहेब, त्याला सांगायचीये.

एक आई,
दिघा, नवी मुंबई