समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशींना

मावशी, सलाम.

तुम्हाला हे आवडणार नाही, माहितीये. मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) वर्धापनदिनाला जुन्या सभासदांचा शाल देऊन सत्कार होता तर तुम्ही मंडपामागे जाऊन कांदे चिरत बसलात, शेवटी पाळकसाहेबांनी शाल तिथेच आणून दिली. म्हणून तोंडावर नाही बोलत, इथे सगळ्यांसमोर लिहिते. नातू वाचून दाखवेल तेव्हा त्याच्यावर ओरडू नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आम्ही मूळचे नगरकडचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), पणजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. लहानपणीच बाप्तिस्मा, शब्बाथ शाळा, दृढीकरण, नाताळच्या करंज्या, कापणीच्या सणाला चर्चमध्ये कोंबड्या-अंड्यांचा लिलाव, हे सगळं आपोआप आलेलं. उपासना संगीतातली कितीतरी गीतं पुस्तक न उघडता येतात. पिंपरीला आल्यावरही रविवार चुकवला नाही. त्यामुळे आपल्या विश्वासात काही कमी आहे का असा प्रश्न कधी पडलाच नाही.

मग पप्पा गेले आणि गावच्या जमिनीचं सुरू झालं. पप्पांच्या पश्चात वारस नोंद लावायची होती, चुलत्यांनी फेरफार असा करून घेतला की सातबाऱ्यावर माझं आणि भावाचं नावच नाही. ज्या काकांच्या खांद्यावर बसून मी नाताळची ड्रामा बघितली ते काका. केस टाकली. आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही, भाजी निवडताना तेच, रिक्षात तेच, रात्री दोनला उठून मनातल्या मनात काकांना काय काय सुनवायचं त्याची तयारी.

तुम्ही हे ओळखलंत कुठून तर प्रभूच्या प्रार्थनेतून. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे" ही ओळ, म्हणजे आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ केलंय, ती आली की माझा आवाज बारीक व्हायचा आणि पुढच्या ओळीला परत मोठा, आणि शेजारी बसून तुम्ही हे किती रविवार ऐकत होतात देव जाणे. मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दवाखान्यात थांबलात, मिरजेला नर्सिंग केलेलं म्हणून सलाईन संपायच्या आधीच तुम्हाला कळायचं, पहाटे थर्मासमधला चहा दिलात आणि मग सहज विचारलंत, "काकांसाठी प्रार्थना करतेस का गं?" मी म्हटलं करते ना, न्याय मिळावा म्हणून. तर तुम्ही हसलात. "ती तुझ्यासाठी झाली. मी काकांसाठी विचारते."

मला राग आला होता मावशी. आमच्यात हे फार सोपं करून सांगतात ना, क्षमा करा, विसरा, सोडून द्या, आणि सोडायचं नेहमी बाईनेच, त्यातून माहेरची जमीन असेल तर विचारूच नका. पण तुम्ही केस मागे घे असं एकदाही म्हणाला नाहीत. उलट म्हणालात हक्क आहे तर माग. "केस वकील बघेल गं, तू रात्रीची कशाला चालवतेस?" या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर आभारी राहीन, कारण क्षमा म्हणजे अन्यायाला गप्प बसणं नाही हे मला तोपर्यंत कुणी नीट सांगितलंच नव्हतं, चर्चमध्येसुद्धा.

मग त्या शुक्रवारच्या कॉटेज प्रेयरला (घरोघरी होणाऱ्या प्रार्थनेला) तुम्ही पंडिता रमाबाईंची गोष्ट काढलीत. तुमच्या आजी दुष्काळात पोरक्या झालेल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या, तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल केलं, ते तिथल्या मुलींनीच छापलं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडलाच नाही, आणि तसं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढी विदुषी बाई! आणि मी आपली चार पिढ्यांच्या जोरावर निवांत.

त्यानंतर एका रात्रीत काही झालं नाही हं. आपल्याकडे चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आजार बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा आला असंच काहीतरी सांगावं लागतं, जावेशी बोलायला लागले म्हणून साक्ष दिलेली मी तरी ऐकली नाही. माझं तर फारच कासवाच्या चालीने झालं. तुम्ही सांगितलेलं म्हणून रोज काकांचं नाव घ्यायचे, सुरुवातीला दात खाऊनच, नाव घेऊन गप्प बसायचे, पुढे काय मागायचं तेच कळायचं नाही. मग एक दिवस त्यांच्या शुगरसाठी मागितलं. मग त्यांच्या धाकट्याच्या लग्नासाठी. आणि कधीतरी लक्षात आलं की आपण रात्रीच्या झोपतोय, आणि मुलगी गणित घेऊन जवळ येते ती आधीसारखी दबकत येत नाही.

काकांच्या किडन्या गेल्या, डायलिसिससाठी पुण्याला आणायला लागले, तेव्हा डबा कोण देणार हा प्रश्न आला. तुम्ही बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं वचन काढलं नाहीत, तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल हे मला पाठच आहे आणि तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही फक्त डायलिसिसच्या पेशंटला मीठ किती, टोमॅटो-बटाटा का जपून, पाणी मोजून का, हे एका कागदावर लिहून दिलंत आणि पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आलात. काकांनी डबा घेतला, भाजी अळणी आहे म्हणाले, बस. माफी नाही, डोळ्यात पाणी नाही. बाहेर आल्यावर मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही बसचे सुट्टे पैसे शोधत होतात, आणि खरं सांगू, त्यानेच मला धीर आला, की हे असंच असतं, कुणी टाळ्या वाजवणार नाही, उद्या परत डबा करायचाय.

प्रभूच्या प्रार्थनेतली ती ओळ मी आता पूर्ण आवाजात म्हणते. कधी कधी अजूनही जड जाते, लपवत नाही.

तुमचे उपकार फिटायचे नाहीत, फेडायचेही नाहीत. एक सांगायचं राहिलं. केसची पुढची तारीख नेमकी काकांच्या डायलिसिसच्या दिवशी पडली होती, मी आमच्या वकिलांना सांगून पुढची मागायला लावली. वकील जाम वैतागले, म्हणाले मॅडम तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात. त्यांच्यासाठीही या शुक्रवारी प्रार्थनेत आठवण करा. प्रेयर आमच्याकडे आहे, आणि स्वयंपाकघरात यायचं नाही, बाहेर बसायचं.