ऊतीदानाच्या चर्चेत सांधाही यायला हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत सांध्यांच्या झिजेवरील लेख नुकताच वाचला. लेख एकंदरीत उपयुक्त होता. मात्र मृत दात्याकडून मिळालेल्या कूर्चेचे (सांध्यात हाडाच्या टोकावर असणाऱ्या गुळगुळीत आवरणाचे) रोपण हा विषय त्यात एका वाक्यात उरकला होता आणि तोही कृत्रिम सांधा बसवण्याच्या शस्त्रक्रियेला जोडून, जणू दोन्ही एकाच उपचाराची रूपे असावीत. गेली अठरा वर्षे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबर काम करते. दात्याचे ग्राफ्ट, म्हणजे रोपणासाठी घेतलेला हाड-कूर्चेचा तुकडा, बसवलेले रुग्ण माझ्याकडे मोजकेच आले, पण त्यांच्याबरोबर काढलेल्या महिन्यांमुळे या विषयावर सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

‘गुडघ्याची गादी झिजली’ असे आपण सहज म्हणतो. हा ‘गादी’ शब्द दोन हाडांमधल्या अर्धचंद्राकृती मेनिस्कससाठीही वापरला जातो आणि हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणासाठीही. रुग्णाचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी लिहिते आहे ती या दुसऱ्या गोष्टीबद्दल, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेबद्दल. तिची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर असते, तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो आणि तिच्यात ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू. विरळ विखुरलेल्या तिच्या पेशींचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते. कातडीला जखम झाली की रक्त येते, गुठळी धरते आणि भरून येण्याला तिथूनच आरंभ होतो. केवळ कूर्चेपुरत्या राहिलेल्या जखमेतून रक्तच येत नाही, त्यामुळे भरून येण्याची ती पहिली पायरीच चुकते. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही हे नोंदवले होते. पावणेतीनशे वर्षांनंतरही, गोळ्या आणि चूर्णांच्या जाहिराती काहीही सांगोत, त्या निरीक्षणात मूलभूत फरक पडलेला नाही.

माझ्याकडे आलेल्या एका तरुण रुग्णाची हकिगत सांगते. वय एकोणतीस. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलाईवरचा, कूर्चेसह हाडाचा एक तुकडा किशोरवयापासून सैल होत गेला आणि शेवटी सुटून सांध्यात फिरू लागला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो काढला आणि मागे राहिलेल्या खड्ड्याच्या तळाशी बारीक छिद्रे पाडली. या पद्धतीला मायक्रोफ्रॅक्चर म्हणतात. हाडातले रक्त आणि मज्जा त्या छिद्रांतून वर यावी आणि खड्डा भरावा अशी त्यामागची कल्पना. पण भरून येणारी ऊती मूळच्या कूर्चेसारखी नसते, ती तंतुमय आणि कमी टिकाऊ असते. दीड वर्ष बरे गेले. नंतर गुडघ्यात वारंवार पाणी होऊ लागले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा ही मुलगी जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होती. ‘वाटी बदलायचे तुमचे वय नाही, तोवर सहन करा’ असे तिला एका ठिकाणी सांगण्यात आले होते. त्यातला पहिला भाग बरोबरच होता, कारण कृत्रिम सांध्याचे आयुष्य मर्यादित असते आणि तिशीत तो बसवला तर पुढे तो पुन्हा, कदाचित दोनदा, बदलावा लागू शकतो. पण ‘सहन करा’ याखेरीज दुसरा मार्ग होता, आणि तो तिला कोणी सांगितलाच नव्हता.

लहान खड्ड्यासाठी रुग्णाच्याच गुडघ्यातल्या कमी भार येणाऱ्या जागेवरून हाड व कूर्चेचे बारीक दंडगोल काढून लावता येतात; हंगेरीच्या लास्लो हँगोडी यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा सांध्यात लावण्याचे तंत्र स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये जगापुढे मांडले. परंतु खड्डा दोनतीन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, कूर्चेखालचे हाडही गेले असेल किंवा आधीचा एखादा उपाय फसला असेल, तर हाड आणि कूर्चा दोन्ही एकसंध असलेला, योग्य गोलाईचा तुकडा लागतो. तेवढा मोठा तुकडा स्वतःच्या गुडघ्यातून काढायचा तर दुसरीकडे तेवढाच खड्डा पडणार. म्हणून तो दात्याकडून घ्यावा लागतो. एरिश लेक्सर या जर्मन शल्यविशारदाने १९०८ मध्येच दात्याच्या सांध्यांच्या रोपणाविषयी लिहिले होते, आणि १९७० च्या दशकापासून कॅनडातील टोरांटो येथे डॉ. अ‍ॅलन ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या ग्राफ्टचा पद्धतशीर वापर सुरू केला.

यातला ‘ताज्या’ हा शब्द अतिशय महत्त्वाचा आहे. दान केलेली इतर हाडे गोठवून दीर्घकाळ ठेवता येतात. कूर्चा मात्र नेहमीच्या पद्धतीने गोठवली की तिच्यातल्या बहुतेक पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींची कूर्चा काही काळाने भुगा होऊ लागते. म्हणून ती पोषक द्रावणात, साधारण चार अंश सेल्सियस तापमानाला, जिवंत ठेवली जाते. दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस अशा चाचण्या आणि ऊतीवरची जंतुतपासणी पूर्ण व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि ऊती काढल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत ती वापरावी असा प्रघात आहे, कारण त्यानंतर जिवंत पेशींचे प्रमाण फार घटते. उरतात दोन आठवडे. तेवढ्या अवधीत त्याच बाजूचा गुडघा, जुळणारा आकार आणि शस्त्रक्रियेला तयार असलेला रुग्ण यांची गाठ पडावी लागते. माझी रुग्ण पाच महिने वाट पाहत होती. त्या काळात दूरच्या प्रवासाचा बेत तिने एकदाही आखला नाही, कारण निरोप आला की काही दिवसांत दाखल व्हायचे होते.

रक्तगट जुळवावा लागत नाही का, नंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात का, असे प्रश्न मला प्रत्येक नातेवाईक विचारतो. या ग्राफ्टसाठी यांतले काहीच करावे लागत नाही. कूर्चेच्या पेशी स्वतःभोवतीच्या घट्ट जाळीत बंदिस्त असतात आणि रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. कूर्चेखालच्या हाडातली मज्जा मात्र तशी नसते. म्हणून हाडाचा थर शक्य तितका पातळ, बहुधा सहासात मिलिमीटरचा, ठेवतात आणि वेगाने सोडलेल्या सलाइनच्या धारेने तो धुऊन काढतात. पुढील महिन्यांत रुग्णाचे हाड त्या पातळ थरात हळूहळू शिरते आणि त्याची जागा घेते; वरची कूर्चा मात्र दात्याचीच राहते. अनेक वर्षांनी काही कारणाने पुन्हा काढाव्या लागलेल्या ग्राफ्टमध्ये, पंचवीस वर्षांनंतरही, जिवंत पेशी आढळल्याची नोंद आहे.

एकदा शस्त्रक्रियागृहात उभे राहून हे सारे पाहण्याची परवानगी मला मिळाली होती. खराब झालेला भाग गोल कोरून काढल्यावर शल्यचिकित्सकांनी त्या खळग्याची खोली घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ या चार जागी मोजली आणि फळ्यावर लिहून घेतली. मग दात्याच्या हाडावर नेमकी तीच जागा आखून तेवढ्याच व्यासाचा दंडगोल काढला आणि चारही बाजूंनी त्या मापांबरहुकूम तासला. तो तुकडा माझ्यापासून हातभर अंतरावर होता : खाली जाळीदार हाड, वर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी, ओलसर चकाकी. तो खळग्यात अंगठ्याने दाबून बसवला; हातोडीने जोरात ठोकला तर कूर्चेच्या पेशी मरतात म्हणून हातोडीचे काम अगदी हलक्या टिचक्यांपुरते होते. शेवटी शल्यचिकित्सकांनी कडेवरून बोट फिरवून पाहिले. एखाद्या मिलिमीटरची उंची राहिली तरी पुढे सगळा भार त्या कडेवरच येतो.

यापुढचे काम माझे. पहिले सहा ते आठ आठवडे कुबड्या असतात आणि पायावर पूर्ण भार द्यायचा नसतो. ‘थोडासाच भार द्या’ असे सांगून काही समजत नाही, म्हणून मी वजनकाटा जमिनीवर ठेवते आणि रुग्णाला त्यावर पाऊल टेकवून काटा दहा किलोवर थांबवायला सांगते. माझ्या त्या रुग्णाचा काटा पहिल्या दिवशी पाचावरच अडला होता, इतकी धास्ती तिच्या मनात होती. चौथ्या महिन्यात ती एकेका पायरीवर एकच पाय टाकत जिना उतरली. धावणे आणि उड्या यांसाठी नऊ महिने ते वर्ष थांबावे लागते.

हे वाचून कोणी ‘झिजलेल्या गुडघ्यावर रामबाण उपाय’ असा अर्थ काढू नये, याची मला काळजी वाटते. वयोमानाने सबंध सांधा झिजला असेल, दोन्ही हाडे एकमेकांवर घासत असतील किंवा संधिवाताने सांध्याला सतत सूज असेल, तर हा उपचार त्या रुग्णासाठी नाही. पायाला बाक असेल तर आधी किंवा सोबतच हाड कापून तो सरळ करावा लागतो, नाहीतर नवी कूर्चाही त्याच चुकीच्या भाराखाली चिरडली जाते. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित अंदाज असा की गुडघ्यातील असे सुमारे पाऊणशे टक्क्यांहून थोडे अधिक ग्राफ्ट दहा वर्षांनंतर टिकून असतात. मात्र बऱ्याच रुग्णांना मधल्या काळात एखादी लहानमोठी शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि गुडघ्याच्या वाटीमागे बसवलेल्या ग्राफ्टचे निकाल तुलनेने उणे आहेत. तिशीतल्या माणसाला दहापंधरा वर्षे चालता-फिरता गुडघा मिळणे ही मला फार मोठी गोष्ट वाटते, पण ती हे आकडे समोर ठेवूनच सांगितली पाहिजे.

संसर्गाच्या धोक्याबद्दलही लपवाछपवी नको. २००१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, गुडघ्यात असेच ग्राफ्ट बसवलेला तेवीस वर्षांचा तरुण काही दिवसांत क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंच्या संसर्गाने दगावला. दात्याचा देह मृत्यूनंतर एकोणीस तास शीतगृहाबाहेर राहिला होता, हे तपासात पुढे आले. जिवंत पेशी राखायच्या असल्यामुळे या ऊतीला किरणोत्साराने निर्जंतुक करता येत नाही. म्हणून देह वेळेत थंड ठेवणे, निर्जंतुक वातावरणात ऊती काढणे आणि तपासणीचे निष्कर्ष हाती आल्याशिवाय ती न देणे, एवढाच बचाव उरतो. त्या घटनेनंतर तिथले ऊतीपेढ्यांचे नियम कडक झाले. आपल्याला ऊती देणारी पेढी हे नियम पाळते का, हा प्रश्न रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी निःसंकोच विचारावा आणि डॉक्टरांनी तो अविश्वास समजू नये.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. या उपचाराची सर्वांत अडलेली जागा शस्त्रक्रियागृहात नसून मृत्यूनंतरच्या पहिल्या काही तासांत, नातेवाईकांशी होणाऱ्या संभाषणात आहे. नेत्रदानाबद्दल लोकांना माहीत आहे, मूत्रपिंड आणि यकृताबद्दलही माहीत आहे. सांधा देता येतो हे बहुतेकांच्या कानावरही आलेले नसते. त्यामुळे कोणी विचारलेच, तर ‘पाय कापणार का?’ हीच पहिली प्रतिक्रिया असते, आणि ती स्वाभाविक आहे. त्यांना शांतपणे सांगावे लागते की ऊती काढल्यावर त्या जागी आधार बसवून जखम व्यवस्थित शिवली जाते, देहाचा आकार तसाच राहतो आणि अंत्यदर्शनाला काहीही अडचण येत नाही. हृदय किंवा यकृत यांच्या दानासाठी दाता सहसा अतिदक्षता विभागात असावा लागतो. ऊतीचे तसे नाही, हृदय थांबल्यानंतरही, देह वेळेत थंड ठेवला असेल तर साधारण चोवीस तासांच्या आत ती घेता येते. दाता तरुण आणि त्याचे सांधे निरोगी असावे लागतात, म्हणजे हा प्रश्न बहुधा अशा आईवडिलांना किंवा जोडीदाराला विचारला जाणार, ज्यांच्यावर अकाली आघात झालेला आहे. त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकलेल्या गोष्टीला होकार देणे फार अवघड असते. तीच गोष्ट आधी कधीतरी घरात वाचली किंवा बोलली गेली असेल तर निदान ती अनोळखी वाटत नाही.

म्हणून आपणास विनंती आहे की अवयवदानासंबंधीचे आवाहन किंवा माहिती आपण यापुढे छापाल, तेव्हा डोळे, त्वचा, हाडे यांच्या यादीत ‘सांध्यातील कूर्चा’ हेही शब्द असावेत आणि वर सांगितलेली देहाच्या आकाराची व वेळेची माहिती त्यासोबत दोन ओळींत द्यावी. तसेच कूर्चारोपण आणि कृत्रिम सांधा हे दोन वेगळे उपचार असून ते वेगळ्या वयाच्या, वेगळ्या आजाराच्या रुग्णांसाठी आहेत, असा खुलासा आरोग्य पुरवणीच्या पुढील अंकात प्रसिद्ध करावा.

कळावे,
आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)