पाणंदीला तार नको, चर हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या जरा आधी, सोनोरीकडून सासवडला परत येताना एका पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, मी सायकलसकट तारेवर आदळलो. दोन बाभळींना छातीच्या उंचीवर एकेरी काटेरी तार ओढली होती. मावळतीचे ऊन थेट डोळ्यांवर होते. तार दिसली तेव्हा मधे फार तर दोन सायकली मावतील एवढे अंतर उरले होते. दोन्ही ब्रेक दाबले, मागचे चाक मुरमावरून घसरले आणि तार ब्रेकच्या दांडीत अडकली. अडकली म्हणूनच ती गळ्यापर्यंत आली नाही. उजव्या दंडाला सात टाके पडले.

मी पुरंदर तालुक्यात ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. डांबरी रस्ता वेशीपर्यंत असतो आणि अडलेली गाय नेहमी वेशीच्या पलीकडे, वस्तीवर असते. त्यामुळे इथल्या पाणंदी, गाडीवाटा, ओढ्यांचे उतार मला तोंडपाठ आहेत. सुरुवातीची वर्षे हे सगळे साध्या सायकलवर केले, नंतर मोटारसायकल आली. निवृत्तीनंतर गुडघे बोलायला लागले, तेव्हा मुलाने आग्रह धरून बॅटरीची माउंटन सायकल घ्यायला लावली. त्याच वाटा मला पुन्हा मिळाल्या, हे मी मनापासून सांगतो.

पुष्कळांना वाटते, ही मोटारसायकलच. तसे नाही. माझ्या सायकलला पायडल मारले तरच मोटर साथ देते, पाय थांबले की तीही थांबते. पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली अशी सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार वाहनात मोडत नाही. बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तासांची आहे, म्हणजे पूर्ण भरायला अर्ध्या युनिटाच्या थोडी वर वीज लागते. तेवढ्यात मल्हारगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन, माळावरून वळसा घालून मी घरी येतो आणि बॅटरी शिल्लक राहते.

रानवाटेवर ती चालवायची रीत मात्र वेगळी आहे. मुरमाच्या चढावर मोटरचा जोर वाढवला की मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि खडे उडतात. जोर पहिल्या टप्प्यावर आणायचा, गिअर चढ लागण्याआधीच हलका करायचा, छाती हँडलकडे झुकवायची, पण बूड सीटवरून उचलायचे नाही, म्हणजे मागच्या चाकावर वजन राहते. माळावरच्या सराट्याच्या काट्यांनी पहिल्याच महिन्यात माझ्या चार ट्यूब खाल्ल्या. आता ट्यूबमध्ये सीलंट भरतो आणि काढणी झालेल्या रानाच्या कडेने जाताना चाकावर नजर ठेवतो. आणखी एक गोष्ट माझ्या नोकरीतली. ही सायकल आवाज करत नाही. गाईला दोन्ही बाजूंचे खूप दिसते, पण बरोबर शेपटीमागचे दिसत नाही. तिथून गुपचूप आलात तर ती बिथरते, बैलजोडी असेल तर गाडीसकट उधळेल. म्हणून मी दहा-पंधरा कासरे अलीकडूनच घंटी न वाजवता बोलायला लागतो, "येतोय रे, येतोय बाबा." माणसाचा आवाज जनावराला ओळखीचा असतो, घंटी नसते. मेंढरांचा कळप आला तर उतरून उभे राहायचे, धनगराची कुत्री चालत्या चाकावर येतात, उभ्या माणसावर सहसा येत नाहीत.

या सगळ्या युक्त्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर चालत नाहीत. माती चाकाला लिबडते, मडगार्डात कोंबून बसते, चाक फिरेनासे होते. २४ किलोची सायकल खांद्यावर घेऊन चालण्याचे माझे वय नाही. अशा वेळी शेजारच्या पिकातून चार पावले काढावीत असा मोह होतो, आणि माझ्या तारेची गोष्ट तिथेच सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी दंड बांधून मी त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलो. रागानेच गेलो होतो. त्याने मला पाहिले आणि मटकन ओट्यावर बसला. "डॉक्टर, तुमी व्हता व्हय? तार तुमच्यासाठी न्हाई वो ओढली." त्याच्या वडिलांच्या काळात याच गोठ्यात मी रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात वासरू ओढून काढले होते. चहा झाला, मग त्याने रान दाखवले. मागच्या पावसाळ्यात दर रविवारी शहरातून मोटारसायकलींचे टोळके यायचे, सोबत काही सायकलीही. पाणंदीत गुडघाभर राडा, म्हणून सगळे त्याच्या वाटाण्यातून गेले. फुलोऱ्यावर आलेला वाटाणा होता. एका रविवारी दोन सऱ्या गेल्या, पुढच्या रविवारी त्याच जागी रस्ताच पडला. "कुणाला सांगू? थांबत्यात कुठं?" तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. वाटाण्याचे चार पैसे म्हणजे त्या घरची दिवाळी असते, हे मला चांगले माहीत आहे.

पण राडा का होतो? आम्ही दोघे पाणंदीतून चालत गेलो. मी पहिल्यांदा या वाटेने गेलो तेव्हा समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या कडेला घेऊन निघून जायच्या. आज ट्रॅक्टरची एक ट्रॉली कशीबशी जाते. दोन्ही बाजूंनी वर्षाला नांगराची एकेक रेघ आत येत गेली, बांध सरकत गेले आणि पाणी वाहून नेणारा बांधालगतचा चर बुजला. पाणंद आता दोन्ही रानांपेक्षा हातभर खोल आहे. वरच्या सगळ्या रानाचे पाणी तिच्यातच उतरते. माझ्यासोबतच्या शेतकऱ्याने स्वतःच मान्य केले की त्याच्या बाजूनेही बांध सरकला आहे. हे कबूल करायला मोठे मन लागते.

गाव नकाशावर ही वाट तुटक दुबार रेषेने दाखवली आहे, म्हणजे तो गाडीमार्ग आहे, कुणाची खासगी पायवाट नव्हे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदारांना आहे. मी तो अर्ज केलेला नाही आणि करणार नाही. अशा दाव्यांत बांधाला बांध असलेली दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, ते मी गोठ्यागोठ्यांत पाहिले आहे. मला हवे आहे ते सोपे आहे. मृग लागायच्या आत पाणंदीची मोजणी करून दोन्ही कडांना दगड रोवावेत, बुजलेले चर उकरावेत, मधल्या खोलगट भागात मुरूम टाकावा. पाणंद रस्त्यांसाठी शासनाची योजना आहेच. वाट कोरडी राहिली की कुणाला वाटाण्यात शिरावे लागणार नाही आणि तार ओढायचीही गरज पडणार नाही.

तोवर माझ्यासारख्या सायकलवाल्यांना हात जोडून सांगणे आहे. शेवाळलेल्या बांधावर आणि ओल्या काळ्या रानात सायकल घालू नका, उतरून ढकला, नाहीतर मागे फिरा. वाटेवरचा झापा, म्हणजे काट्यांचे फाटक, उघडलात तर मागे लावून घ्या. आणि शेतकरी बांधवांनो, वाट अडवायचीच झाली तर तारेने नको, आडवी बल्ली किंवा काट्याचा झापा लावा, तो लांबून दिसतो. अंधारात त्या वाटेने शाळेतून सायकलवर येणारी पोरे तुमचीच आहेत.

ग्रामपंचायतीला मी आणि त्या शेतकऱ्याने मिळून अर्ज दिला आहे, सही दोघांची आहे. तार अजून काढलेली नाही, रान उघडे टाकायला त्याचे मन होत नाही. पण आम्ही दोघांनी तिला खताच्या पांढऱ्या गोणीच्या पट्ट्या हातहातभर अंतरावर बांधल्या आहेत. मृग लागायला आता पंधरा दिवस उरले आहेत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
सासवड, ता. पुरंदर, जि. पुणे