गोदी, होता आणि खुदा

चि. मैत्रेयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या आइसलँडमधल्या ‘गोदी’ या पदवीचे फारसीतल्या ‘खुदा’शी किंवा आपल्या गुढीशी काही नाते असेल का, असे तू काल फोनवर विचारलेस. प्रश्न मला इतका आवडला की घाईने उत्तर देववेना, म्हणून सवडीने लिहीत आहे.

त्या देशाला राजा नव्हता. इ. स. ९३०च्या सुमारास तेथे ‘आल्थिंग’ ही सर्व बेटाची सभा भरू लागली, आणि तिच्यात निवाड्याचा अधिकार या गोदींकडे असे. ते आरंभी ३६ होते. पूजाविधींचे यजमानपद आणि लोकांचे तंटे ही दोन्ही कामे गोदीकडेच असत, त्याचे पद वतनासारखे वारसाने मिळे, पण ते विकताही येई, आणि कोणत्या गोदीच्या पाठीशी उभे राहायचे हे शेतकऱ्याला स्वतः ठरवता येई. सुमारे १००० साली धर्माचा वाद विकोपाला गेला, तेव्हा थोरगेइर नावाचा गोदी एक दिवस आणि एक रात्र पांघरूण ओढून पडून राहिला, आणि स्वतः जुन्या देवांचा उपासक असूनही उठून त्याने सर्वांनी ख्रिस्ती व्हावे असा निवाडा दिला. पूजा गेली, तरी पदवी पुढे अडीचशेहून अधिक वर्षे टिकली.

आता शब्दाकडे येतो. ‘गोदी’ हा देववाचक ‘गोद’ शब्दापासून झाला असून इंग्रजी ‘गॉड’ त्याच घरचा आहे. चौथ्या शतकातल्या, गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेतल्या बायबलात पुरोहिताला ‘गुद्या’ म्हटले आहे. या भाषा आणि आपली संस्कृत एकाच मूळच्या, म्हणून त्यांच्या शब्दांत ध्वनींचे फरक ठरावीक रीतीने पडतात. इंग्रजी ‘गूस’ म्हणजे आपला हंस, आणि ‘हंड्रेड’ म्हणजे आपले शत. पहिल्या जोडीत त्यांच्या ‘ग’च्या जागी आपला ‘ह’ आहे, दुसरीत त्यांच्या ‘ड’च्या जागी आपला ‘त’. हाच हिशेब ‘गॉड’ला लावून पाहा, म्हणजे हाती ‘हुत’ येते: ज्याला आहुती दिली तो. काही विद्वान त्याऐवजी ‘हूत’, म्हणजे आवाहन केलेला, असे मानतात. पहिले मत धरले, तर यज्ञातला आपला ‘होता’ नावाचा पुरोहित गोदीचा दूरचा भाऊबंद ठरतो, आणि मला तेच मनापासून पटते.

‘खुदा’चा ‘ख’ मात्र ‘स्व’पासून आलेला आहे. आपण रोज म्हणतो ते ‘खुद्द’ त्याच्या गोतातले, गोदीच्या नव्हे. गुढीचे आणि माझगावच्या गोदीचे साम्य तर निव्वळ कानापुरते आहे.

पुढच्या वेळी असा जुळणारा शब्द सापडला, तर तसल्याच आणखी दोन जोड्या शोधून मला कळव.

तुझे,
बाबा