तिसरे भोक आहे, पण मागे तार आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत रंगकाम निघाले की दोन पिनांची सॉकेट काढून तीन पिनांची बसवतात. मागे तारा मात्र दोनच राहतात, तिसऱ्या भोकाची अर्थिंगची तार येतच नाही. अशा सॉकेटवर कॉम्प्युटर व्यवस्थित चालतो, म्हणूनच दोष लक्षात येत नाही. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागले की मुंग्या येतात, एवढेच.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज (दाबाची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) या दोन्हींपासून पत्र्याच्या बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्यातून झिरपणारा करंट अर्थिंगच्या तारेने निघून जातो. तारच नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब बॉडीवर येतो. हा करंट सहसा एक मिलिअँपिअरच्या आत असतो, त्याने जीव जात नाही. भीती वेगळीच आहे. उद्या आत खरोखरच फेज बॉडीला चिकटली, तरी टेस्टर तसाच पेटेल आणि घरचे म्हणतील, 'हे नेहमीचेच आहे.' चालू मॉनिटरची किंवा टीव्हीची केबल जोडताना ठिणगी पडून पोर्ट जळतो, तोही बहुतेकदा याच दाबामुळे.

तक्रार केली की काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा मारून देतात. मुंग्या थांबतात, मल्टिमीटरही फसतो. हे कृपा करून कुणी करू देऊ नये. मागे कुठे न्यूट्रल सुटली, किंवा बोर्डात फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. शिवाय गळणारा करंट न्यूट्रलमधूनच परत गेल्याने आरसीसीबीला, म्हणजे करंटची गळती दिसताच पडून सप्लाय तोडणाऱ्या स्विचला, गळती दिसत नाही आणि तो पडत नाही.

तपासणी वायरमनकडून करून घ्यावी. मेन बंद करून सॉकेट उघडायचे आणि अर्थच्या टर्मिनलवर वेगळी हिरवी तार आहे का, न्यूट्रलचा तुकडा तर नाही ना, हे आधी डोळ्यांनी पाहायचे. मग सप्लाय चालू करून मल्टिमीटरने मोजायचे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावे, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये ६०, ९० असे तरंगते आकडे आले तर अर्थ तुटलेला आहे. पण मीटरला नगण्य करंट लागतो, त्यामुळे गंजलेला जोडही तो पास करतो. म्हणून फेज आणि अर्थ यांत १०० वॅटचा साधा बल्ब लावून बघावा, तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल. अर्थला वाट आहे, याचीच ती खूण.

खरा उपाय एकच. मीटरबोर्डाच्या अर्थपासून सॉकेटपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची तार ओढावी, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची. इमारतीचा अर्थिंगचा खड्डाच मेला असेल तर तो सर्वांनी मिळून नवा करावा. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे पाइप इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरायचा पाइप, किमान ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. नळाच्या पाइपला तार गुंडाळू नये. मध्ये कुठे प्लॅस्टिकचा पाइप घातलेला असेल तर तो अर्थ उरत नाही, उलट शेजाऱ्याचा नळ शॉक देऊ शकतो.

तोवर मेनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तो अर्थिंग नसतानाही माणसाला शॉक लागताच सप्लाय तोडतो, मुंग्या मात्र थांबवत नाही. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर एकाच स्पाइक गार्डवर घ्यावेत, म्हणजे त्यांच्या बॉडींत आपसांत दाबाचा फरक राहत नाही. अर्थिंगशिवाय स्पाइक गार्डचे संरक्षण अर्धेच, फक्त फेज-न्यूट्रलमधले. केबल जोडताना नुसते शटडाउन पुरत नाही, प्लग भिंतीतून काढावा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावू नये. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारे कन्व्हर्टर घरात असतील तर ते आजच काढून टाकावेत.

आपला,
एक विद्युत अभियंता, पुणे