पिशवीच्या मध्यभागी तापमान किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची बीएसएल-४, म्हणजे सर्वात कडक सुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा आहे आणि लसी, औषधे यांवर काम करणाऱ्या संस्था पुण्याच्या चारी दिशांना आहेत. त्यामुळे ‘हवेतून विषाणू बाहेर आला तर?’ हा प्रश्न इथे वारंवार विचारला जातो. भीती रास्त आहे. पण रोगजंतू टोचलेले प्राणी ठेवतात त्या विभागात सर्वात कडक पहारा हवेवरच असतो. खोलीतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, त्यामुळे हवा आत ओढली जाते. बाहेर जाणारी हवा हेपा या अतिसूक्ष्म गाळणीतून जाते आणि तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पहारा ढिला पडतो तो कचऱ्यावर. पिंजऱ्यातले तूस, विष्ठा, मेलेले प्राणी, सुया आणि धुण्याचे पाणी रोज बाहेर पडत असते.

इंग्लंडमध्ये पिरब्राइट येथे २००७ साली लाळ्या-खुरकुताचा विषाणू प्रयोगशाळांच्या आवारातून आसपासच्या गोठ्यांपर्यंत पोहोचला. चौकशीत बोट ठेवले गेले ते सांडपाण्याच्या जुन्या, गळक्या नळांवर. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पशुपालकांना वेगळे सांगायला नको.

आता ऑटोक्लेव्हविषयी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने कचरा निर्जंतुक करणाऱ्या यंत्राविषयी. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पीएसआय दाब किमान ६० मिनिटे लागतो. आधी आतली हवा ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम प्रकारात ४५ मिनिटे. यंत्राच्या कागदी पट्टीवर १२१ उमटले की काम झाले असे धरले जाते, आणि चूक नेमकी इथे होते. तो आकडा चेंबरचा असतो, पिशवीच्या पोटातला नव्हे. भाताचे तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुसा कोरडा असतो, त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते. पिशवी गच्च भरून तोंडाला गाठ मारली की वाफ आत शिरतच नाही. बाहेरचे तूस शिजते आणि मधले नुसते कोमट होते. म्हणून पिशवी दोन तृतीयांशच भरावी, तुसावर थोडे पाणी शिंपडावे, तोंड सैल ठेवावे आणि पिशवी गळू नये म्हणून खाली ट्रे ठेवावा. पिशवीला लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीवरच्या काळ्या रेघांवर विसंबू नये. पट्टीला उष्णता लागली एवढेच त्या सांगतात. खरी परीक्षा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची; ते मेले तरच फेरी पास. त्यांची कुपी पिशवीच्या अगदी मध्यभागी, तुसात खोचून ठेवावी. चेंबरच्या दाराशी ठेवलेली कुपी दर वेळी ‘पास’ होते आणि फसवते.

मेलेल्या प्राण्यांचे प्रकरण याहून अवघड. केस आणि चरबी उष्णता रोखतात. फ्रीजरमधून काढलेला गोठलेला ससा तसाच आत ढकलला, तर वेळ संपेपर्यंत त्याच्या पोटात बर्फ असू शकतो. आधी तो बंद, गळतीरहित डब्यात वितळू द्यावा. मोठ्या प्राण्यासाठी किती वेळ लागतो, हे मांसात तापमापक खुपसून ठरवावे. मगच पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे. भट्टीच्या पहिल्या कक्षात किमान ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान लागते. ओले मांस एकदम भरले की पहिला कक्ष थंडावतो आणि अर्धवट जळालेले तुकडे राखेत राहतात.

हायपोचेही (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचेही) तेच. ५ टक्क्यांच्या द्रावणात चौपट पाणी घातले की १ टक्का मिळते. ते रोज ताजे करावे, कारण उघड्या आणि उन्हात ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन उडून जातो. विष्ठा किंवा रक्त तसेच ठेवून वर ओतले तर ते त्या घाणीवरच खर्ची पडते. हायपोत भिजलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये मुळीच घालू नये; विषारी वायू निघतो आणि यंत्रही गंजते.

सुईला टोपण परत लावू नये, हे सगळ्यांना पाठ असते. तरी ते लावले जाते, कारण एका हातात तडफडणारा उंदीर असतो आणि सुयांचा पांढरा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डबा हाताच्या अंतरावर हवा, तीन चतुर्थांश भरला की बंद व्हायला हवा. शक्य तिथे प्राण्याला आधी भूल द्यावी.

आणखी दोन गोष्टी तपासणीत सुटतात. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वापरात नसलेल्या खोल्यांमधल्या मोरीच्या ट्रॅपमधले (गटाराची वाट पाण्याने अडवणाऱ्या नळाच्या बाकातले) पाणी आटते आणि गटाराशी थेट वाट मोकळी होते. ट्रॅपमध्ये दर आठवड्याला जंतुनाशक ओतायला हवे. दुसरी गोष्ट विजेची. वीज गेल्यावर जनरेटरने आधी हवा बाहेर खेचणारा पंखा सुरू केला पाहिजे, मग आत ढकलणारा. क्रम उलटला की खोलीतली हवा दारांच्या फटींतून बाहेर येते.

ही सगळी कामे शास्त्रज्ञ करत नाहीत. पिंजरे बदलणारे, पिशव्या बांधणारे, मोऱ्या धुणारे बहुतेक कंत्राटी कामगार असतात. त्यांना इंग्रजी कार्यपद्धतीची जाड फाइल दाखवून सही घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ऑटोक्लेव्हच्या दारावर मराठीत, चित्रांसह सूचना लावाव्यात. सुई टोचली तर काय करायचे (साबण-पाण्याने धुवायचे, पिळायचे नाही, लगेच कळवायचे) हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. कळवले म्हणून काम जाणार नाही, याची लेखी हमी कंत्राटातच असावी.

शहरातल्या अशा प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा जाहीर करावे: बीजाणूंच्या किती चाचण्या घेतल्या, किती फसल्या आणि फसल्यावर त्या फेरीतल्या पिशव्यांचे काय केले.

आपली विश्वासू,
जैवसुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, पाषाण, पुणे